डेक्साचं इंजेक्शन आणि बाबांच्या डोक्यातली नळी

बाबांची डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली ती दसऱ्याच्या आसपास. चालता चालता चप्पल मागं राहायची आणि हे एक पाय अनवाणी तसेच पुढं, पत्ताच नाही. आई मागून ओरडायची, अहो चप्पल, की मग थांबून पायाकडं बघायचे, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा. आम्हाला वाटलं चप्पल सैल झालीय. नवीन आणली. ती पण निसटायला लागली.

मी पुण्याला, आईबाबा साताऱ्यात, त्यामुळं मला हे सगळं फोनवर तुकड्या तुकड्यानं कळत होतं. दुपारी फार झोपतात. परवा शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली. तेच तेच परत विचारतात. घराजवळच्या डॉक्टरांनी तपासलं, बीपी बघितलं, वयानुसार होतं असं म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. आणि खरं सांगायचं तर मी पण आईला हेच म्हणाले होते, की अगं ७४ वर्षांचे झालेत आता, होणारच थोडंफार. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

कोजागिरीला सगळे गच्चीवर बसलेलो असताना त्यांच्या डाव्या हातातून दुधाचा ग्लास सुटला. हिसका बसल्यासारखा नाही, बोटं हळूच उघडली आणि ग्लास खाली गेला, आणि बाबा आमच्याशी बोलतच राहिले, दूध पायावर सांडलं तरी खाली बघितलं नाही. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. सकाळी उठून गाडीत घातलं, पुण्याला आणलं, सीटी स्कॅन केला. स्कॅनमध्ये बाबांच्या उजव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या मध्ये एक राखाडी चंद्रकोर होती, चांगली जाड, आणि तिनं अख्खा मेंदू डावीकडं ढकललेला. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का? आम्ही ठामपणे नाही म्हणालो. मग आईला आठवलं. गणपतीच्या आधी माळ्यावरून मखर काढताना लोखंडी रॅकची कड लागली होती. रक्त नाही, टेंगूळ पण नावाला, आईनं बर्फ लावला, बाबा म्हणाले काय नाय गं, आणि दोघं मखर पुसायला बसले. त्याला सहा आठवडे होऊन गेलेले.

याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठत गेलेलं रक्त. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, कवटीच्या आत जागा होते, आणि मेंदूवरून आवरणाकडं जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. एखादा साधा धक्का बसला तरी त्यातली एखादी फाटते, थेंब थेंब रक्त जमतं. बाबांना स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती अशा वेळी अजून भर घालते. पण खरा घोळ त्याच्या पुढं आहे. शरीर त्या जमलेल्या रक्ताभोवती एक पातळ पडदा तयार करतं, त्या पडद्यात नवीन रक्तवाहिन्या फुटतात, त्या इतक्या कच्च्या असतात की सतत पाझरतात, म्हणजे जखम कधीच बरी झालीय आणि साठा मात्र आठवड्यामागून आठवडे वाढतोय. जर्मनीत रुडॉल्फ विरचो या डॉक्टरनं १८५७ सालीच म्हणलं होतं की ही आवरणाची सूज आहे. नंतर सगळे म्हणायला लागले की नाही, हा माराचा परिणाम. आता परत दोन्ही धरतात, सुरुवात मारानं होते, वाढ सुजेनं. हे सूज प्रकरण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ऑपरेशनला वेळ होता, सर्जन आधीच्या केसमध्ये होते. न्यूरो आयसीयूच्या बाहेर त्या निळ्या खुर्च्यांवर बसलं की बाकीच्यांचे पेशंट आपोआप आपले होतात. माझ्या शेजारी एक मुलगी होती, तिच्या आईला ब्रेन ट्यूमर, आई दोन दिवसांपूर्वी लेकीला ओळखत नव्हती आणि आज सकाळी तिनं नावानं हाक मारून चहा मागितला. मुलगी रडत रडत सगळ्यांना सांगत होती. डेक्साचं (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टिरॉइड) इंजेक्शन चालू केलं आणि आई परत आली. ऑपरेशन तर अजून व्हायचंच होतं.

समोर एक काका होते, त्यांचा पुतण्या बावीस वर्षांचा, बाईकवरून पडलेला, हेल्मेट नाही, गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून इथं येईपर्यंत पाच तास गेलेले. त्याच्या मेंदूला सूज होती असं त्यांना सांगितलेलं. त्यांनी हे डेक्साचं ऐकलं आणि ताडकन उठले. आयसीयूतून बाहेर आलेल्या रेसिडेंट डॉक्टरला अडवून म्हणाले, मॅडम, त्या ताईंना सुजेवर इंजेक्शन दिलं, मग आमच्या पोराला का नाही? पैशाचं असेल तर मी आत्ता भरतो. ती मुलगीच होती तशी, सत्तावीस-अठ्ठावीसची, डोळे झोपेनं लाल, पण तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, काका, ते औषध महाग नाहीये, अगदी स्वस्त आहे, पण तुमच्या मुलाला दिलं तर त्याचा जीव जायची शक्यता वाढते. काकांना पटलं नाही हे दिसत होतं. आणि मला पण नाही पटलं, कारण माझ्या मनात तोपर्यंत तोच विचार येऊन गेलेला, की बाबांना पण सूजच आहे ना, मग डोक्याला भोक पाडण्याऐवजी डेक्साच्या गोळ्या का नाही देत. मी विचारलं पण. ती मान हलवून म्हणाली, ताई, तुमच्या बाबांना पण नाही.

एकच औषध. एकीला देऊन आई परत आली, दोघांना देणार नाही म्हणते. मी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सच्या पोरांना मॅथ्स-स्टॅट्स शिकवते, डॉक्टरी मला येत नाही, पण आकडे वाचता येतात. ती रात्र आणि नंतरच्या बऱ्याच रात्री मी हेच वाचत होते.

ट्यूमरचं सोपं आहे. ट्यूमरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या गळक्या होतात, त्यातून पाणी मेंदूत झिरपतं, स्टिरॉइड ती गळती कमी करतं. १९६१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटामध्ये गॅलिसिच आणि फ्रेंच या सर्जननी हे दाखवलं आणि तेव्हापासून जगभर डेक्सा वापरतात. ट्यूमर त्यानं जात नाही, पण दोन-तीन दिवसांत पेशंट बोलायला लागतो, ऑपरेशनसाठी वेळ मिळतो. त्या मुलीच्या आईचं हेच झालं होतं.

आता यावरून कुणालाही वाटणारच ना, की मारानं आलेल्या सुजेवर पण चालेल? डॉक्टरांनाही वाटलं. तीसेक वर्षं हेड इंज्युरीच्या पेशंटना कुठं देत होते, कुठं देत नव्हते, छोटे छोटे अभ्यास झाले, त्यातून काही ठरेना. मग १९९९ मध्ये ब्रिटनमधून क्रॅश नावाची ट्रायल सुरू झाली. ४९ देशांतली २३९ हॉस्पिटलं. डोक्याला मार लागून आठ तासांच्या आत आलेला, पूर्ण शुद्धीत नसलेला मोठा माणूस, की त्याला ४८ तास एकतर स्टिरॉइड (डेक्सा नाही, मिथाइलप्रेडनिसोलोन, पण घराणं तेच) नाहीतर तसंच दिसणारं बिनऔषधाचं इंजेक्शन. कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, नातेवाईक ठरवत नाहीत, नाणेफेकीसारखं ठरतं. २०,००० पेशंट घ्यायचे ठरलेलं. २००४ च्या मे महिन्यात १०,००८ वर थांबवली. कारण दोन आठवड्यांत दगावलेले मोजले तर बिनऔषधाच्या गटात १७.९ टक्के आणि स्टिरॉइडच्या गटात २१.१ टक्के.

हा आकडा मी कागदावर लिहून बराच वेळ बघत बसले होते. शंभरात तीन. एखादा सर्जन वर्षाला शंभरएक असे पेशंट बघत असेल, त्यातले अठरा गेले काय आणि एकवीस गेले काय, त्याला स्वतःच्या अनुभवातून कधी कळणारच नाही, कारण एखादं वर्ष तसंही वाईट जातं. तो अगदी मनापासून, रात्रभर उभं राहून, ते इंजेक्शन देत राहिला असता. शंभर पेशंटवर हा फरक दिसतच नाही, दहा हजारांवर दिसतो. मी वर्गात गेली चौदा वर्षं नाणं उडवायची उदाहरणं घालते, सॅम्पल साइज मोठा का लागतो ते सांगते, पोरं जांभया देतात आणि मी पुढच्या उदाहरणावर जाते. आता मी हे उदाहरण सांगते. कुणी जांभई देत नाही.

काकांच्या पुतण्याला काय देता आलं असतं तेही वाचलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, बायकांना माहिती असेल, पाळीत फार जातं तेव्हा लिहून देतात तीच गोळी, तिचंच इंजेक्शन. जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी नवऱ्याबरोबर काम करून १९६२ मध्ये हे औषध जगासमोर आणलं, बाळंतपणात रक्तस्राव होऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात म्हणून. त्याच क्रॅशवाल्या लोकांनी पुढं क्रॅश-३ केली, २९ देश, १२,७३७ पेशंट, २०१९ मध्ये निकाल आला. डोक्याला मार सौम्य किंवा मध्यम असेल आणि मार लागल्यापासून तीन तासांच्या आत हे दिलं तर मृत्यू कमी होतात, फार गंभीर असलेल्यांत तसा फरक दिसला नाही. तीन तास. त्या पोराचे पाच तास रस्त्यातच गेले होते. हे मी काकांना सांगितलं नाही, काय उपयोग होता सांगून.

  

तर बाबा. रात्री साडेनऊला आत नेलं. कवटीला दोन भोकं पाडली, प्रत्येक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, छान मोकळं झालं, काळपट पातळ रक्त होतं, जुन्या इंजिन ऑइलसारखं. बाबा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, पस्तीस वर्षं त्यांनी तेच ऑइल काढलंय. दुसऱ्या दिवशी त्यांना हे सांगितलं तर चेहरा असा उजळला, म्हणाले मग फिल्टर चोक झाला असंल. बऱ्याच दिवसांत त्यांनी एक अख्खं वाक्य असं झटकन बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

त्यांच्या डोक्यातून एक मऊ पारदर्शक नळी बाहेर आली होती, उशीवरून खाली जाऊन कॉटला लटकवलेल्या पिशवीत. पिशवी डोक्याच्या खालीच ठेवायची, उठून बसायचं नाही, दोन दिवस आडवं. पिशवीत आधी चॉकलेटी, मग लालसर, मग फिकट गुलाबी पाणी यायला लागलं. मला ती नळी बघवत नव्हती. डोक्यात बाहेरची वस्तू, इन्फेक्शन झालं म्हणजे, झोपेत ओढली म्हणजे. रेसिडेंट राऊंडला आली तेव्हा विचारलं, सगळं धुवून काढलंय ना, मग ही कशाला ठेवलीय अजून? ती म्हणाली, ठेवली नाही तर परत भरतं ताई, केंब्रिजला बघितलंय त्यांनी.

बघितलंय म्हणजे काय ते नंतर वाचलं. आधी प्रत्येक सर्जनची आपली पद्धत, कुणी नळी ठेवायचं, कुणी म्हणायचं उगाच धोका. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये २००४ ते २००७ मध्ये त्यांनी २१५ पेशंट घेतले. १०८ जणांना नळी, १०७ जणांना नाही, परत नाणेफेक. नळीवाल्यांपैकी १० जणांचं परत भरलं, बिननळीच्या २६ जणांचं. म्हणजे ९.३ टक्के आणि २४ टक्के. सहा महिन्यांत दगावलेलेही नळीवाल्यांत निम्म्याहून कमी. फरक इतका उघड दिसला की ठरवलेले सगळे पेशंट घ्यायच्या आधीच थांबले. २००९ मध्ये छापून आलं. काही रुपयांची प्लास्टिकची नळी, नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त दोन दिवस राहू द्यायची की काढायची एवढाच प्रश्न, आणि तो कुणीतरी नीट विचारला. मला रिसर्च म्हणलं की रोबोट आणि लेझर असलं काहीतरी डोळ्यासमोर यायचं. बाबांचं डोकं परत उघडावं लागलं नाही ते या नळीच्या प्रश्नामुळं.

आणि माझा डेक्साच्या गोळ्यांचा प्रश्न? तोही विचारून झालेला होता. ते विरचोचं सूज प्रकरण आठवा. पडदा सुजेनं वाढतो, मग सूज मारा, किती सरळ वाटतं. ब्रिटनमध्ये २३ हॉस्पिटलांत ७४८ पेशंटवर करून बघितलं, सरासरी वय ७४, म्हणजे सगळे आमचे बाबाच. बहुतेकांचं ऑपरेशन झालं, वर अर्ध्यांना दोन आठवडे डेक्सा, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये निकाल आला. डेक्सावाल्यांत परत ऑपरेशन करायची वेळ फक्त १.७ टक्क्यांवर आली, दुसरीकडं ७.१ टक्के. एवढंच बघून थांबले असते तर औषध जिंकलं होतं. पण त्यांनी सहा महिन्यांनी माणूस कसा आहे हे पण मोजलं, स्वतःचं स्वतः करतोय का, चालतोय का. चांगल्या अवस्थेत असलेले डेक्सामध्ये ८३.९ टक्के आणि बिनऔषधाचे ९०.३. स्कॅन चांगला आणि माणूस वाईट. म्हातारपणी स्टिरॉइडनं साखर वाढते, इन्फेक्शन होतात, या सगळ्याची बेरीज शेवटी माणसावर येते. मला हा निकाल त्या सगळ्यांत जास्त आवडला, कारण काय मोजायचं हे त्यांनी बरोबर ठरवलं होतं.

हे अजून संपलेलं नाही. त्या पडद्याला रक्त पुरवणारी एक धमनी असते, ती मांडीतून किंवा मनगटातून तार घालून आतून बंद करायची, ऑपरेशनच्या जोडीला, म्हणजे पाझर मुळातच थांबेल. २०२४ मध्ये त्याचे निकाल आले, एका ट्रायलमध्ये ४०० पेशंट, परत ऑपरेशन करावं लागणारे ११.३ टक्क्यांवरून ४.१ वर आले. आमच्याकडं डॉक्टर म्हणाले बाबांना आत्ता गरज नाही, परत भरलं तर विचार करू.

एक मात्र हात जोडून सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला काही लागलं, अगदी कपाटाची कड लागली तरी, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी काही दिसेलच असं नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही. पुढचे दोन-तीन महिने बघा. चप्पल निसटतेय, एका हातानं वस्तू सुटतेय, डोकं दुखतंय, दुपारभर झोपतायत, अचानक विसरायला लागलेत, कपड्यातच लघवी होतेय, तर वय झालं म्हणू नका, स्कॅन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, आणि ती गोळी मनानं बंद करू नका.

नळी काढायच्या दिवशी सकाळी मी बाबांना ही केंब्रिजची गोष्ट सांगितली, १०८ आणि १०७ वाली. ते आढ्याकडं बघत ऐकत होते. मेकॅनिक माणूस, दोन गाड्यांवर दोन पार्ट लावून बघायचे हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मला वाटलं विचारतील, आपली काढताना दुखणार का. त्यांनी विचारलं, त्या दुसऱ्या १०७ जणांचं काय झालं मग? म्हणलं, २६ जणांचं परत भरलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांना दुसऱ्या टायमाला तरी बसवली असंल ना नळी?

मी म्हणलं, बसवली असणार बाबा.

पाचव्या दिवशी सोडलं. काकांचा पुतण्या तेव्हा अजून आतच होता, पण आदल्या संध्याकाळी त्यानं हाक मारल्यावर डोळे उघडले होते आणि काका ते सगळ्यांना, अगदी लिफ्टवाल्याला पण, सांगत सुटले होते. लिफ्टपाशी मी बाबांच्या चपला खाली ठेवल्या. त्यांनी आधी डावी घातली, अंगठा पट्ट्यात नीट सरकवला, पाय उचलून एकदा हलवून बघितला, आणि मग उजवी.